रोज रात्री सगळं देवाच्या हातात देते आणि पहाटे तीनला परत घेते, याला समर्पण म्हणायचं का?

पहाटपक्षी

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सात महिने झाले माझी नोकरी गेली त्याला. तीन आठवड्यांपूर्वी एका ठिकाणी मुलाखतीची तिसरी फेरी झाली, चांगली झाली, कळवतो म्हणाले, आणि मग काहीच नाही. मी रोज रात्री गुडघ्यावर बसून दोन्ही तळहात उघडे करून म्हणते की प्रभू हे तुझं, ही नोकरी तुझी, मी तुझी, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. त्या क्षणी मनापासून म्हणते, खोटं नाही. आणि मग तीन सव्वातीनला जाग येते, हात आपोआप उशीखाली जातो, फोन काढून मेल रिफ्रेश. इनबॉक्स झाला की स्पॅम पण बघते. एकदा नवऱ्याने बघितलं तर म्हणाला, देवाने उत्तर स्पॅममध्ये टाकलंय का बघतेयस? हसू आलं पण नंतर खूप रडले.

आता खरा प्रश्न. आमच्याकडे आलेल्या एका देवाच्या सेवकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले की बहीण, तुमचं समर्पण अपुरं आहे, काहीतरी धरून ठेवलंय तुम्ही, म्हणून देवाचा हात थांबलाय. तेव्हापासून मी नुसती शोधतेय काय धरून ठेवलंय ते. वहीत यादी केली. गायनमंडळात गाते, लोक चांगलं म्हणतात तर बरं वाटतं, म्हणजे तिथे 'मी' आहे असं वाटून ते पण सोडलं दोन आठवड्यांपूर्वी. तरी शांती नाही. लोक साक्षीत, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगताना, म्हणतात की सगळं प्रभूला दिलं आणि ओझंच उतरलं, पिसासारखं हलकं वाटलं. मला एकदाही नाही वाटलं. मग मी दिलंच नाही का? आणि नोकरी हवीशी वाटणं हेच पाप आहे का? स्वतःला पूर्ण दिलं तर मग हवं-नको वाटायला मागे कोण उरतं?

देवाचा_लेकरू

आमेन ताई. प्रार्थनेत आठवण करतो. यिर्मया २९:११ वाचा, तुमच्यासाठी प्रभूकडे चांगल्या योजना आहेत, लवकरच साक्ष द्याल.

खडूफळा

लेकरू भाऊ, भावना चांगली आहे पण ११ च्या आधी १० वं वचन पण असतं हो 🙂 तिथे सत्तर वर्षं लागतील म्हटलंय. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते, आणि त्यात 'लवकरच' कुठे नाहीये, उलट तिथेच घरं बांधा, मळे लावा, लेकरंबाळं होऊ द्या असं आहे. कोणाची नोकरी गेली की हे एक वचन चिकटवायची आपल्याला सवय लागलीय.

पहाटपक्षी, तुझं वाचून मला गेथशेमानेच आठवलं, वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग. वयाने मोठी आहे म्हणून अगं तुगं करतेय. मत्तयचा २६ वा अध्याय काढ आणि जरा हळू वाच. आपल्याला एकच वाक्य पाठ असतं, माझ्या इच्छेप्रमाणे नको तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि वाटतं की येशू गेला, गुडघे टेकले, म्हटलं आणि झालं. पण तो तीनदा गेलाय. आधी मागितलंय, की शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे पुढ्यात आलेलं दुःख, टळू दे. म्हणजे त्याला काय हवंय ते त्याने लपवलं नाही, आधी तेच बोलला. मग उठून शिष्यांकडे आला, ते झोपलेले, परत गेला. दुसऱ्या वेळचे शब्द ३९ आणि ४२ शेजारी शेजारी ठेवून बघ, थोडे सरकलेत. पहिल्यांदा 'टळू दे' पुढे आहे, दुसऱ्यांदा 'मी प्यायल्याशिवाय टळणार नसेल तर' असं झालंय. तेवढंच. आणि तिसऱ्यांदा जाऊन परत तेच बोलला असं ४४ मध्ये लिहिलंय. त्याला मधल्या फेऱ्यांत पिसासारखं हलकं वाटलं असं कुठल्याच शुभवर्तमानात नाही. लूक तर म्हणतो घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. आणि गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा.

आता तू रात्री एकदा देतेस, तीनला उठून घेतेस, परत देतेस. मला तर ही दुसरी फेरी वाटते, नापास झाल्याचा रिझल्ट नाही वाटत.

नोकरी हवीशी वाटणं पाप असेल तर प्याला नकोसा वाटणं पण पाप धरावं लागेल, आणि ते आपल्याला म्हणता येईल का सांग. प्रेषित पौलाने पण शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून तीनदा विनवणी केली, निघाला नाही, पण 'मागितलंसच का' असं त्याला देव म्हणाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच म्हणाला.

आडवा_प्रश्न

मी ख्रिस्ती नाही, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. पण शरण जा, सोपवून दे, हे सगळ्याच धर्मांत ऐकलंय आणि मला त्यात एकच दिसतं, की माणूस हातपाय गाळून बसतो. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. ह्या ताईंनी मेल बघणं बंद करून गुडघ्यावर बसायचं की चार ठिकाणी अजून अर्ज करायचे? आणि देवाला सगळं आधीच माहीत असेल, सगळं त्याचंच असेल, तर त्याला 'देतो' म्हणजे नक्की काय देता तुम्ही लोक?

तिसरीपायरी

आडवा भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पुस्तकी नाही.

मी दारुडा आहे. अकरा वर्षं झाली बंद आहे पण 'आहे'च म्हणतो, आमच्यात तसंच म्हणतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांची संघटना, तिच्या बारा पायऱ्या आहेत त्यातली तिसरी अशी की आपली इच्छा आणि आपलं आयुष्य आपल्याला समजलेल्या देवाच्या हाती सोपवायचा निर्णय घेतला. १९३५ ला हे सुरू झालं आणि १९३९ साली पायऱ्या छापून आल्या, तेव्हापासून तिथे शब्द 'निर्णय' असाच आहे. वाटणं नाही, अनुभव नाही, निर्णय. माझ्या स्पॉन्सरने, म्हणजे आधी दारू सोडलेल्या आणि मला सांभाळून नेणाऱ्या माणसाने, मला पहिल्याच आठवड्यात त्या एका शब्दावर अर्धा तास बसवलं होतं, तेव्हा वैताग आला होता.

कारण मी मंडळीत जन्मलेला माणूस, समर्पण मी किती वेळा केलं असेल मोजायला नको, पुढे या म्हटलं की सगळ्यात आधी मी, ढसाढसा रडायचो, लोक पाठीवर हात ठेवायचे, आणि ताई खरं सांगतो तेव्हा पण खोटं रडत नव्हतो. फक्त बाहेर स्कूटरच्या डिकीत चपटी असायची. रडून झालं की हलकं वाटायचं, अगदी तुम्ही म्हणता तसं पिसासारखं, आणि त्या हलकेपणातच जाऊन प्यायचो. म्हणून हलकं वाटण्याला मी आता फार भाव देत नाही.

ज्या दिवशी खरंच सोपवलं त्या दिवशी काहीच वाटलं नाही. दुपारचे अडीच वाजले होते, ऊन होतं, स्पॉन्सरला फोन केला आणि त्याच्या हातात स्कूटरची चावी दिली. म्हटलं उद्या सकाळी मागेन. डोळ्यात पाणी नाही की अंगावर काटा नाही, उलट चीड आलेली, पायी घरी जावं लागलं. दुसऱ्या दिवशी चावी घेतली आणि दुपारी परत दिली. असं बहुतेक चाळीसएक दिवस चाललं.

तर हातपाय गाळून बसणं आणि हे याच्यात फरक असा की चावी मलाच द्यायला लागते. माझा हात मलाच पुढे करायला लागतो. देव येऊन खिशातून काढून घेत नाही.

ताई, एक बघा. तीनला जाग येते ती येणारच, त्याच्यावर आपलं काही चालत नाही, पण फोन उशीखालीच का असतो? दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. हे समर्पण नाही वाटणार, पण मला वाटतं हेच आहे, आजच्या रात्रीपुरतं.

सहावी_रांग

मला त्या सेवकाच्या वाक्यावर बोलायचंय आणि जरा कडक बोलणार आहे.

"तुमचं समर्पण अपुरं आहे म्हणून देवाचा हात थांबलाय." हे वाक्य कधी खोटं ठरूच शकत नाही, लक्षात घ्या. नोकरी मिळाली तर समर्पण पूर्ण झालं म्हणून, नाही मिळाली तर अजून काहीतरी धरलंय म्हणून. म्हणणारा दोन्हीकडून सुटतो आणि ऐकणारा आयुष्यभर स्वतःला उकरत बसतो. मी एका गटात सहा वर्षं होतो (नाव घेत नाही), तिथे असंच चालायचं. आधी सवयी सोपवा, मग पगार कुठे जातो ते सांगा, मग कोणाशी लग्न करायचं ते पुढाऱ्याला विचारा. आणि प्रश्न विचारला की 'भाऊ तुमचा मी अजून मेला नाही'. माझा 'मी' मारायची त्यांना फार घाई होती, त्यांचा 'मी' मात्र दर मीटिंगला खुर्चीत बसलेला असायचा.

हे काय आपल्याकडचंच नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेफर्डिंग मूव्हमेंट म्हणून झाली, प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका 'मेंढपाळा'च्या अधीन राहायचं, नोकरी घर लग्न सगळं त्याच्या संमतीने. ज्या पाच शिक्षकांनी ती चालवली त्यातल्या बॉब ममफर्डने १९९० मध्ये जाहीर माफी मागितली. म्हणजे चालवणाऱ्यालाच शेवटी मान्य करावं लागलं.

बायबलमध्ये माणसाने स्वतःला देवाला द्यायचंय, मधल्या माणसाला नाही. आणि देव सुद्धा विचारून घेतो. येशूच्या आईचं, मरीयेचंच बघा ना, 'मी प्रभूची दासी, तुमच्या शब्दाप्रमाणे मला होवो' हे लूक १:३८, पण त्याच्या आधी १:३४ मध्ये तिने 'हे कसं होईल' असं तोंडावर विचारलंय आणि देवदूताने तिला गप्प न करता समजावून सांगितलं. प्रश्न विचारायला परवानगी नसेल तिथे समर्पण नाही, नुसती गुलामी असते. त्या सेवकाचं ऐकून गाणं सोडलंत हे वाचून मला वाईट वाटलं हो ताई.

पहाटपक्षी

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. सहावी रांग भाऊ, गाणं सोडा असं ते म्हणाले नव्हते, ते माझं मीच केलं, त्यांच्यावर अन्याय नको. पण तुम्ही म्हणता ते उकरणं मात्र खरंय, वहीची चौदा पानं झालीत.

तिसरीपायरी भाऊ, फोन स्वयंपाकघरात ठेवला काल. तरी जाग आली. पाण्याच्या निमित्ताने उठून गेले 🙈

पण माझा शेवटचा प्रश्न राहिलाय. 'यापुढे मी जगत नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो' असं आहे ना गलतीकरांस पत्रात. मग माझं असं काय राहतं? हे वाक्य लहानपणापासून पाठ आहे पण या दिवसांत त्याची भीती वाटायला लागलीय, जणू काही मला पुसूनच टाकायचंय.

खडूफळा

भीती वाटते कारण आपण ते वाक्य अर्ध्यावर सोडतो. २:२० पूर्ण वाच. 'मी जगत नाही' म्हटल्यावर लगेच पुढे 'आता जे मी देहात जगतो ते विश्वासाने जगतो' असं आहे. म्हणजे मेलेला 'मी' दुसऱ्याच ओळीत परत हजर! आणि कोणावरच्या विश्वासाने, तर ज्याने 'माझ्यावर प्रीती केली' त्याच्यावर. पुसून टाकलेल्या माणसावर कोण कशाला प्रीती करेल. पत्र लिहिताना पण पौल तोच तापट पौल आहे, त्याच पत्रात गलतीकरांना 'अहो बुद्धिहीन' म्हणून झापतोय. स्वभाव काही देवाने काढून घेतला नाही त्याचा.

मला एक गोष्ट फार उशिरा कळली ती सांगते. येशू म्हणतो माझ्यामागे यायचं तर स्वतःचा त्याग करा, मार्क ८:३४. आणि त्याचा शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आधी येशूला नाकारतो, मार्क १४. मराठीत एकीकडे त्याग, दुसरीकडे नाकारणं, म्हणून आपल्या लक्षात येत नाही, पण मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. म्हणजे पेत्राने अंगणात शेकोटीपाशी जे येशूबद्दल म्हटलं की मी ह्या माणसाला ओळखत नाही, तेच स्वतःबद्दल म्हणायचंय. का म्हणाला होता पेत्र तसं? स्वतःची कातडी वाचवायला. तर तो जो कातडी वाचवणारा आहे ना आपल्यातला, जो घाबरला की येशूला पण ओळख देत नाही, त्याला ओळख द्यायची नाही. गाणारी तू, आई असलेली तू, नोकरी हवी असलेली तू, ह्यांना नाकारायला कोणी सांगितलेलं नाही. आणि पेत्राचं पुढे काय झालं ते माहीतच आहे, त्याला पण परत तीनदा विचारलं गेलं, 'माझ्यावर प्रीती करतोस का'.

लूकमध्ये तर वधस्तंभ 'दररोज' उचला असा जादा शब्द आहे, मत्तय मार्कात तो नाही. दररोज म्हटलं की काल उचललेला रात्री खाली ठेवलाच असणार की.

आडवा प्रश्न, तुम्ही आगाऊ नाही, तुमचा प्रश्न चर्चला पण पडलेला आहे. सतराव्या शतकात मोलिनोस नावाचा एक स्पॅनिश धर्मगुरू रोममध्ये शिकवत होता की आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावं, स्वतःहून काही करूच नये, मागणंसुद्धा नको. १६८७ मध्ये पोपने त्याची ६८ विधानं चुकीची ठरवली, क्वायटिझम म्हणतात त्याला. तर खाटल्यावरी वाला हरी आमच्याकडे अधिकृतपणे बाद आहे 🙂 अर्ज चार काय चाळीस करावेत.

'देता काय' हा तुमचा दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे. इग्नेशियस लोयोला म्हणून सैनिक होता, १५२१ ला पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडल्या पडल्या आयुष्य बदललं त्याचं. त्याची प्रार्थना आहे की प्रभू घे, माझं स्वातंत्र्य, माझी स्मृती, माझी बुद्धी, माझी सगळी इच्छा, तूच दिलंस, तुलाच परत देतो. म्हणजे देवाला नवीन काही मिळत नाही हे तो कबूलच करतो. लहान पोर बापाच्याच खिशातले पैसे घेऊन बापाला वाढदिवसाची भेट आणतं, तसं काहीसं. बापाला काय मिळालं? हिशेबाने शून्य. पण ते पोर आणि बाप यांच्यात काहीतरी झालंच ना. आणि ही प्रार्थना त्याच्या चार आठवड्यांच्या साधनेत अगदी शेवटी येते, देवाने किती दिलंय ते सगळं आठवून झाल्यावर. पहिल्या दिवशी कोणाकडून तो ती म्हणवून घेत नाही. पुढे बोलावून पाच मिनिटांत 'सर्वस्व द्या' म्हणणाऱ्यांनी हा क्रम बघावा असं मला वाटतं, पण ते असो.

तिसरीपायरी

पाण्याच्या निमित्ताने 😀 मी पण चावी 'फक्त टायरची हवा बघायला' मागितली होती एकदा. स्पॉन्सर म्हणाला, मी बघून येतो.

सहावी_रांग

खडूफळा बाई, मेथडिस्ट पंथाच्या लोकांची कराराची उपासना, म्हणजे देवाला स्वतःला नव्याने द्यायची प्रार्थना, पण यात बसते. त्या पंथाच्या जॉन वेस्लीने १७५५ ला लंडनमध्ये सुरू केली, अजून बऱ्याच ठिकाणी नव्या वर्षाच्या सुमारास करतात. दर वर्षी! एकदा दिलं की कायमचं असतं तर दर वर्षी उभं राहून परत कशाला म्हणायला लावलं असतं. त्या प्रार्थनेत एक ओळ आहे तिच्यासाठी मी इथे परत आलो. तुझ्यासाठी मला कामाला लाव, नाहीतर तुझ्यासाठी मला बाजूला ठेव, अशा अर्थाची. काम नसलेल्या माणसासाठी एवढी स्पष्ट प्रार्थना मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. गट सोडला तेव्हा वर्षभर मला कोणी कशालाच विचारत नव्हतं, तेव्हा 'बाजूला ठेव' वाला भाग म्हणताना दात ओठ खाऊन म्हणायचो. आता पण पूर्ण जमत नाही.

आडवा_प्रश्न

पोरगं आणि बापाचा खिसा, हे पटलं नाही पण विसरणार पण नाही. ताई अर्ज करत राहा एवढंच.

पहाटपक्षी

अपडेट म्हणून लिहितेय, नोकरीचं अजून काही नाही.

काल रात्री प्रार्थनेत पहिल्यांदाच आधी मागितलं. तळहात उघडे वगैरे काही केलं नाही, सरळ म्हटलं की मला ही नोकरी हवीय, फार हवीय, ते लोक कळवत नाहीत याचा मला राग येतोय आणि तुझा पण येतोय. इतके महिने हे बोललेच नव्हते, डायरेक्ट 'तुझी इच्छा' वर उडी मारायचे. मग ते 'बाजूला ठेव' वालं म्हणायचा प्रयत्न केला, अर्ध्यात आवाज बसला, तेवढंच राहू दिलं. तीनला जाग आलीच. स्वयंपाकघरात जाऊन फोन बघितला, स्पॅम पण बघितला, आणि तिथेच ओट्याला टेकून म्हटलं की हे बघ, हे असं आहे, हे पण घे. झोप काही लगेच लागली नाही.

वहीची चौदा पानं फाडली नाहीत अजून, कपाटात ठेवलीत. गायनमंडळाच्या ताईंना मेसेज केला, त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं, शनिवारी साडेपाचला सरावाला ये, वरच्या सुरात दोघीच उरल्यात.

खडूफळा

जा. आणि कोणी चांगलं गायलीस म्हटलं तर थँक्यू म्हण.